चंडीगढ खुर्ची: जुनं सागवान, तयार जाळी
वास्तुविशारद पिएर जानरेने चंडीगढ शहरासाठी सागवान आणि वेताची खुर्ची केली होती, तीच ही चंडीगढ खुर्ची. कुणीतरी म्हटलंय की तशी खुर्ची घरी करायची तर सागवानाचा खर्च झेपत नाही, म्हणून प्लायवर व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावावं. खर्चाचं पटतं, प्लायचं नाही. त्या खुर्चीचं सगळं रूप तिच्या व्ही आकाराच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या पायांत आहे. तिथे प्लायच्या कडा उघड्या पडतात, लपवल्या तरी वर्षभरात सुटतात. त्यापेक्षा पाडकामातलं जुनं सागवान बघा. दाराच्या चौकटी, तुळया घनफुटावर मिळतात आणि लाकूड पूर्ण मुरलेलं असतं, पीळ पडायची भीती फार कमी. फक्त रंध्याखाली घालण्याआधी जोरदार लोहचुंबक सगळीकडून फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा पातं घालवतो.

आता बैठकीच्या आणि पाठीच्या वेताबद्दल. हाताने विणून घेणं महाग पडतं, पण विणलेली वेताची जाळी रोलमध्ये तयार मिळते. खुर्चीच्या बैठकीच्या आणि पाठीच्या चौकटीला दर्शनी बाजूने, आतल्या कडेलगत चर पाडायची. जाळी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायची, चकचकीत बाजू वर ठेवून लाकडी पाचरीने चरीत दाबायची, मग फेव्हिकॉल आणि वर वेताची पट्टी ठोकायची. बसवताना जाळी थोडी सैल वाटते, म्हणून ताणायचा मोह होतो. तो टाळा. वाळताना ती आपोआप आवळते. आधीच ताणलेली असेल तर कडेला फाटते.