मणक्यात सुई घेण्यापूर्वी : वेदनातज्ज्ञांकडे जाऊन आलेल्यांचे अनुभव

कापसाची वेचणी संपली की आपल्या भागातून कंबर आणि गुडघे दाखवायला नागपूर-वर्ध्याला जाणाऱ्यांची रीघ लागते. हाडांचे डॉक्टर आणि मेंदू-मणक्याचे सर्जन सर्वांना ठाऊक असतात. परंतु सुईने नेमक्या नसेवर उपचार करणारे वेदनातज्ज्ञ, जे बहुधा मुळात भूलतज्ज्ञ असतात, त्यांची निवड कशी करावी हे सहसा कोणी सांगत नाही. ज्यांनी असे उपचार घेतले आहेत त्यांनी डॉक्टरांचे नाव न देता सविस्तर लिहावे, ही विनंती.

शेतकरी, आर्वी तालुका
डाव्या पायात कळ उतरत असल्यामुळे मी दोन ठिकाणी दाखवले. पहिल्या ठिकाणी एमआरआय उजेडाकडे धरून 'तीन मणक्यांत गॅप आहे' असे सांगितले आणि लगेच पॅकेजचा आकडा लिहून दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी मला टेबलावर निजवून एकेक पाय सरळ उचलला, अंगठा त्यांच्या तळहातावर रेटायला लावला आणि मगच फिल्म पाहिली. पन्नाशीनंतर मणक्यांमधली गादी झिजलेली दिसणे हे न दुखणाऱ्या माणसांतही आढळते, म्हणून दुखणे कोणत्या नसेचे आहे ते आधी तपासून ठरवावे लागते, असे त्यांनी समजावले. मी त्यांच्याकडेच उपचार घेतले. पोटाखाली उशी देऊन पालथे निजवले होते. सी-आर्म म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर सुई दिसत होती, आणि औषधापूर्वी सोडलेला रंग नसेच्या कडेने पसरला तेव्हा माझी ओळखीची कळ थेट पोटरीपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, ''हीच ती नस.'' या इंजेक्शनने सूज उतरते, गादी जागेवर बसत नाही, हेही त्यांनी आधीच सांगितले होते. आराम पडला तेवढ्या महिन्यांत व्यायाम अंगवळणी पाडणे हे काम माझे होते. डवरणी मात्र आता मुलगा करतो.

शिक्षिका, दिग्रस
आईला मधुमेह आहे आणि हृदयात स्टेंट असल्याने रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. आम्ही गेलो त्या केंद्रात ही गोळी कोणी विचारली नाही. मीच चिठ्ठी पुढे केली, तेव्हा 'हृदयाच्या डॉक्टरांना विचारून या' असे सांगण्यात आले. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि सांगितल्याशिवाय सुईही घेऊ नये. सुईतून दिलेल्या स्टिरॉइडमुळे (सूज उतरवणारे औषध) नंतर काही दिवस साखर वाढते, याची कल्पना तर आम्हाला घरी ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहूनच आली.

निवृत्त ग्रामसेवक, मूल
माझ्या पायाचा पंजा उचलला जात नव्हता. वेदनातज्ज्ञांनी सुई देण्यास स्पष्ट नकार दिला आणि त्याच दिवशी सर्जनकडे पाठवले. पायातील शक्ती कमी होणे किंवा लघवी अडणे ही लक्षणे सुईसाठी थांबण्याची नाहीत, असे ते म्हणाले. नाही म्हणणारा डॉक्टर मला तरी अधिक भरवशाचा वाटला.

आशा कार्यकर्ती, चिमूर तालुका
सासऱ्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. पोटातून पाठीत जाणाऱ्या दुखण्यामुळे ते सारी रात्र बसून काढीत. जठरामागील नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडून त्या बधिर करण्याची प्रक्रिया झाल्यावर मॉर्फिनचे प्रमाण कमी करता आले आणि ते आडवे होऊन झोपू लागले. आजार बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितले होते. लोक 'मणक्याजवळ सुई म्हणजे माणूस लुळा' असे म्हणत होते. असा धोका क्वचित असतो, आणि तो संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आम्हाला मराठीत समजावण्यात आला.

शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, यवतमाळ
गुडघ्याच्या नसा रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईच्या टोकाशी विद्युतलहरींनी उष्णता देऊन, जाळण्याचा सल्ला मिळाला असेल, तर आधी फक्त बधिरतेचे औषध देऊन चाचणी करणार का, हे विचारावे. चाचणीनंतर जिना चढून पाहावा. दुखणे निम्म्यानेही उतरले नाही, तर मोठा खर्च करण्यात अर्थ नसतो. सरकारच्या जनआरोग्य योजनेत आपली प्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून (योजनेचा मदतनीस) दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे. सोबत एक धडधाकट माणूस न्यावा. पाय काही तास जड राहू शकतो, त्यामुळे त्या दिवशी मोटारसायकल चालवत परत येण्याचा बेत करू नये.