मदत हवी आहे: एल्फ मेल्यावर परत येतात, मग त्यांना मारणं एवढं मोठं पाप का?

मनवा
रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर बोलायचंय आणि एका ठिकाणी पार अडकलेय. फेआनोर हा एल्फ जहाजांसाठी तेलेरींची, म्हणजे समुद्रकाठच्या एल्फांची, कत्तल करतो. एल्फ अमर असतात; मेलेलेही मांदोसकडे, म्हणजे मृतांच्या आत्म्यांच्या रखवालदाराकडे, जातात आणि यथावकाश परतू शकतात. मग ही हत्या इतकी अक्षम्य का? "लेखकाला तसं वाटलं" हे उत्तर नको. प्लीज लवकर सांगा.

किरमिजी
पुस्तक कुठलं? नावं टोल्कीनची वाटतात, पण सगळ्यांनी वाचलेलं नसतं. आणि अमर म्हणजे नक्की कसे? म्हातारे होत नाहीत, की मारलं तरी मरत नाहीत?

मनवा
'सिल्मरिलियन'. वयाने, आजाराने मरत नाहीत. शस्त्राने किंवा दुःखाने मरतात.

कोकणकडा
एकदम यात शिरू नका. आधी १९३७चं 'हॉबिट', मग १९५४-५५चे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड आणि १९७७चं हे सगळ्यात शेवटी. नाहीतर नावांतच गुंतून पडाल.

मनवा
सगळं वाचून झालंय हो. क्रम विचारलेला नाही.

आदिपर्व
उत्तर महाभारतात आहे. असुरांनी कचाला तीनदा मारलं, शुक्राचार्यांनी तिन्ही वेळा संजीवनीने उठवलं. तिसऱ्यांदा तर राख मद्यात कालवून गुरूलाच पाजली होती. कच उठला म्हणून असुर निर्दोष ठरले का? मारणाऱ्याने काय केलं ते बघायचं.

किरमिजी
संजीवनी हा तिथे अपवाद. इथे परत येणं हा जगाचा नियम आहे. तुलना बसत नाही.

आदिपर्व
बसते. नियम असो वा अपवाद, हात रक्ताने भरलेच ना?

रणधीर
पण हात आधी तेलेरींनी उचलला! नोल्डोर, म्हणजे फेआनोरचे लोक, जहाजांवर चढू लागले तेव्हा त्यांनी कित्येकांना समुद्रात ढकललं, तलवारी त्यानंतर निघाल्या. फेआनोरचा पुतण्या फिंगोन, त्याच्या लोकांना तर भांडण कशाचं हेही माहीत नव्हतं. सगळा दोष एकाच बाजूवर टाकू नये.

सागरगोटा
रणधीर, जहाजं कोणाची होती? मालकाने नाही म्हटल्यावर चढणाऱ्याला ढकललं, याला आधी हात उचलणं म्हणत नाहीत. तेलेरी खलाशी होते, बहुतेकांकडे हलकी धनुष्यंच होती.

मनवाताई, 'परत येतात' हे तुम्ही फार सहज धरलंत. फेआनोरची आई मीरिएल आठवा. ती गेल्यावर तिचा नवरा फिन्वे शेजारी बसून हाका मारत राहिला, ती उठली नाही. तेलेरींचा राजा ओल्वेही म्हणतो की अशी जहाजं आम्ही पुन्हा घडवू शकणार नाही. काळ अमाप असला तरी काही गोष्टी एकदाच होतात.

आणि मांदोसचा शाप नीट वाचा. तुम्ही ज्यांना मारलंत त्या सगळ्यांनी तुमच्यासाठी गयावया केली तरी तुम्हाला फारशी दया मिळणार नाही, असं तो नोल्डोरांना बजावतो. म्हणजे मेलेल्यांनी माफ केल्यानेही हिशेब मिटत नाही. माझ्या मते कारण हे: माणसांत मारणारा मरतो, त्याला आठवणारेही मरतात, चार पिढ्यांनी वैर विझतं. एल्फ जग संपेपर्यंत जगाला बांधलेले आहेत. मारणारा, मेलेला आणि बघणारा, तिघंही कायम तिथेच. विसरायला पिढीच नाही.

रणधीर
शेवटचं पटलं. तेलेरींबद्दल अजूनही नाही.

मनवा
सागरगोटा, हेच हवं होतं! शाप कुठल्या प्रकरणात? आणि मग फेआनोरचा सावत्र भाऊ फिनार्फिन, त्याला माफी कशी मिळाली? कट्ट्यावर कोणीतरी हे विचारणारच.

सागरगोटा
नववं, नोल्डोरांच्या पलायनाचं. फिनार्फिन सगळ्यात मागे होता, शाप ऐकून परत फिरला. ओल्वे त्याचा सासरा. माफी व्हालारांनी, म्हणजे तिथल्या देवतांनी, दिली. सासऱ्याने दिली का, हे मात्र त्या प्रकरणात नाही.