ल्युटेशियनची सुरुवात नेमकी कुठे धरायची?

प्रश्न
इओसीन या भूशास्त्रीय काळाचे (सुमारे ५६ ते ३४ दशलक्ष वर्षांपूर्वीचा) यप्रेशियन, ल्युटेशियन, बार्टोनियन आणि प्रायबोनियन असे चार विभाग आम्हाला अभ्यासाला आहेत. ल्युटेशियनची सुरुवात २००४ च्या भूशास्त्रीय कालमापनात ४८.६ दशलक्ष वर्षांपूर्वीची दिली आहे, तर २०१२ च्या कालमापनात ती ४७.८ वर आलेली दिसते. हा फरक मोजमापातला समजावा, की सीमाच बदलली? शिवाय नाव पॅरिसवरून (ल्युटेशिया हे त्याचे जुने नाव) पडलेले असताना सीमा स्पेनमध्ये कशी?

उत्तर १
मुख्यतः सीमा ओळखण्याची कसोटी बदलली. विभागाची सुरुवात वर्षांच्या आकड्याने ठरत नाही. एखाद्या ठिकाणच्या थरांमध्ये एक बिंदू निश्चित करून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली जाते, आणि त्याच्या वयाचा आकडा पुढील संशोधनाप्रमाणे सुधारत राहतो. ल्युटेशियनला असा बिंदू २०११ मध्ये मिळाला. तोवर हँटकेनिना या तरंगत्या फोरामिनिफेराच्या (कवच असलेल्या एकपेशीय सागरी जीवाच्या) थरांमधील पहिल्या आढळावर बरीच भिस्त होती. मात्र स्पेनमधील बिल्बाओजवळच्या गोरोंदाचे येथील समुद्रकड्याचे थर बारकाईने तपासल्यावर असे दिसले, की ज्या घटना एकाच वेळच्या मानल्या जात होत्या त्या प्रत्यक्षात निरनिराळ्या पातळ्यांवर आहेत आणि हँटकेनिना तर पुष्कळ नंतर येते. म्हणून ब्लॅकाइट्स इन्फ्लेटस या सूक्ष्म शैवालाचा पहिला आढळ निवडला गेला, कारण पॅरिस परिसरातील मूळ ल्युटेशियन थरांच्या तळाशी तो जुळतो. जुन्या नावाचा अर्थ इतक्या काळजीने जपला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ही नावे एकोणिसाव्या शतकात पश्चिम युरोपातील गावांवरून पडली. परंतु तेथील बरेच थर उथळ समुद्रात साचलेले असल्याने समुद्र मागे हटला, की मधल्या काळाची नोंदच राहत नाही. सीमेसाठी सलग नोंद हवी असते. म्हणून बेल्जियममधील ईप्र गावाचे नाव मिरवणाऱ्या यप्रेशियनचा, म्हणजेच पर्यायाने संपूर्ण इओसीनचा, आरंभबिंदू इजिप्तमध्ये लक्सरजवळ दबाबिया येथे आहे; तेथे कार्बनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणात अचानक झालेली घट ही त्याची खूण आहे. प्रायबोनियनची सीमा २०२० मध्ये इटलीतील अलानो दि पियावे येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराच्या तळाशी ठरली.

उत्तर ३
या सीमा आपल्याकडे कशा लावायच्या, याचे एक उदाहरण देतो. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली वसईच्या नावाने ओळखला जाणारा, तेल आणि वायू देणारा बसीन चुनखडक प्रामुख्याने इओसीनच्या मधल्या व शेवटच्या भागातला आहे. अशा उथळ समुद्रातील चुनखडकांत तरंगते जीवाश्म अनेकदा पुरेसे मिळत नाहीत. त्यामुळे न्युम्युलाइट्ससारख्या मोठ्या, तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांवरून वय ठरवावे लागते आणि ते वर सांगितलेल्या बिंदूंशी टप्प्याटप्प्याने जुळवून घ्यावे लागते.