उत्तर: पुलाखालून चितळं खरंच जातात का?
महामार्गावरच्या पुलाखालून चितळं खरंच जातात का, असं विचारलंय म्हणून सांगतो: जातात, आणि बिनधास्त जातात. नागपूर-सिवनी महामार्गावर (एनएच ४४) पेंचच्या जंगलात वरून गाड्या आणि खालून प्राणी जावेत म्हणून बांधलेले असे नऊ पूल आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं खाली कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी दिसले आणि सगळ्यात जास्त फोटो चितळांचे निघाले. वाघाचे फोटो तेवढे व्हायरल झाले, ते सोडा.

पण जिथे असे पूल नाहीत, तिथे 'गाड्यांना घाबरून हरणं रस्त्यापासून लांब राहतात' हे नेहमीचं म्हणणं अर्धंच खरं. रस्त्याकडेची झुडपं छाटतात, ऊन पडतं, पहिल्या पावसात तिथेच कोवळं गवत फुटतं. चितळ तिथे चरायला येणारच! ट्रक घोंघावत गेला तर एक कान वळवून चरत राहतं. गाडी थांबून दार उघडलं, की मात्र शेपटी वर आणि कळप पसार. धोका असतो तो रात्री, दिव्यांनी डोळे दिपल्यावर. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातल्या रस्त्यावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे, ती उगाच नाही.

आता पुलाखाली टपऱ्या आणि पार्किंग घुसू दिलं नाही म्हणजे मिळवली.