बी-२०४ चे काका घरी येतायत

बुधवार, २६ मे २०२१, सोसायटी ग्रुप, पुणे

बी-२०४: नमस्कार. आज दुपारी ३ पर्यंत आम्ही बाबांना घरी आणतोय. कोविडमुळे ॲडमिट होते, १७ दिवसांनी. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के असतो, पण बाथरूमपर्यंत चाललं की ९१ वर येतो. म्हणून डॉक्टरांनी काही आठवडे चालताना आणि आंघोळीनंतर लावायला कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, दिलाय. सध्या कोणी फोन करू नका, प्लीज. दोन वाक्यं बोलले की त्यांना दम लागतो.

ए-१०१: देव पावला गं बाई! खाली औक्षणाचं ताट तयार ठेवते.

सी-५०२: अभिनंदन! काकांना म्हणावं, घाई नको.

बी-३०३: गैरसमज नको, विचारतो. आमच्याकडे लहान मूल आहे. आणखी किती दिवस काळजी घ्यायची?

ए-४०४: मी सांगते. जनरल वॉर्डची नाइट करून आत्ताच आलेय. काकांना ताप आला त्याला आज २२ दिवस झाले. आजार जास्त झालेल्यांकडूनही साधारण २० दिवसांपलीकडे लागण होत नाही. पुन्हा आरटीपीसीआर, म्हणजे कोविडची टेस्ट, करायला लावू नका, तो कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि उगाच सगळे घाबरतात. आता जपायचंय ते काकांनाच, आपल्यापासून. म्हणून गेटवर गर्दी नको. काकू, औक्षणही नको. मशीन चालू असताना त्या खोलीत समई, उदबत्ती, काडेपेटी काहीच नको. बी-२०४, मशीन देवघरापासून लांब ठेव गं.

ए-१०१: बरं झालं सांगितलंस. मग मऊ भात आणि मुगाचं वरण पाठवते.

ए-४०४: वरण चालेल. पण गोड काही नको, शिरा तर अजिबात नको. काकांना स्टेरॉइड चालू होतं ना?

बी-२०४: हो, डेक्सामेथासोन, १० दिवस. आधी कधीच डायबिटीस नव्हता, पण तिथे शुगर २८० झाली होती.

ए-४०४: त्याच औषधाने खूप जण वाचले. गेल्या वर्षी ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी चाचणी झाली. ऑक्सिजनवरच्या पेशंटना रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तर मृत्यू कमी झाले. पण शुगर वाढते, आणि म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, तिथेच शिरतो. घरी रोज उपाशीपोटी आणि जेवणानंतर २ तासांनी शुगर बघ, वहीत लिही. एका बाजूचा गाल दुखला किंवा सुजला, नाकातून काळपट आलं, दात हलला, डोळ्याला दोन-दोन दिसलं, तर सकाळची वाट बघू नकोस. त्याच रात्री कान-नाक-घसावाल्यांकडे. आणि शेजारच्याची स्टेरॉइडची चिठ्ठी बघून कोणी घरात गोळ्या सुरू करू नका, हात जोडून सांगते. या महिन्यात फार वाईट बघितलंय.

बी-२०४: रक्त पातळ करायची गोळीही आहे, महिनाभर.

ए-४०४: ती चुकवू नकोस. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं किंवा एकदम दम वाढला तर लगेच दवाखाना. बसल्या जागी ९२ च्या खाली गेलं तरी तसंच. बोट गरम करून मिनिटभर थांबून आकडा घे.

सी-५०२: माझं सांगतो. मी सप्टेंबरमध्ये ९ दिवस ॲडमिट होतो. घरी आल्यावर बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, बसूनच आंघोळ करायचो. तरी नंतर अर्धा तास आडवा. दोन महिन्यांनी केस पुंजक्याने गळले, नंतर आले. पण रात्री डोळा लागला की वॉर्डातल्या मशीनचा आवाज यायचा आणि दचकून उठायचो. हे मी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. काका रडले तर रडू दे त्यांना. मी संध्याकाळी येऊन दाराबाहेर बसत जाईन, बोलायला नाही, नुसता.

बी-२०४: दादा, जरूर या.

सेक्रेटरी: एक महत्त्वाचं. उद्या गुरुवार, महावितरणचं काम आहे, ९ ते २ लाइट नाही. आपल्या जनरेटरवर फक्त लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे आहेत. कॉन्सन्ट्रेटर किती घेतो?

बी-२०४: ३५० वॅट लिहिलंय. घरचा इन्व्हर्टर जुना आहे.

सेक्रेटरी: एवढा लोड जनरेटर सहज घेईल. दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातल्या बोर्डवरून वेगळी लाइन ओढू. वायरमनला ४ ला बोलावलंय. सोसायटीच्या पैशातून, कमिटीला मी सांगतो.

बी-३०३: माझ्याकडे आईच्या वेळचा छोटा सिलिंडर भरलेला आहे, दीड हजार लिटरचा. मिनिटाला २ लिटरने १२ तास जाईल. आत्ता आणून देतो. सकाळी विचारलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बी-२०४: नाही हो दादा. तुमच्या घरी बाळ आहे. फॉलोअपला पुढच्या बुधवारी जायचंय, एक्स-रे आणि रक्त. सीटी स्कॅन आत्ता नको म्हणाले. साधारण ३ महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, तेव्हाही फुप्फुसात डाग दिसले तर पुढचं बघू.

सी-५०२: गाडी माझी. आणि लस?

ए-४०४: बरं झाल्यावर ३ महिन्यांनी. केंद्राने गेल्याच आठवड्यात सांगितलंय.

बी-२०४ (संध्याकाळी ७): आले. लिफ्टपासून दारापर्यंत दोनदा बसले. ९१, मग पाच मिनिटांत ९५. काकूंचं वरण घेतलं, दोन घास भातही.

सेक्रेटरी: लाइन टेस्ट केली, मशीन चालतंय. उद्या पावणेनऊला मी जनरेटरपाशी आहे. लाइट जाण्याआधी तुम्ही प्लग बदलून ठेवा.