मदत हवी आहे: आंबेनळी घाटात कारवाल्यांना माझी बाइक नेमकी कुठे दिसते?

नमस्कार मंडळी. दर पंधरा दिवसांनी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला आईकडे बाइकने जातो. मागे बायको असते. मागच्या खेपेला प्रतापगड फाट्याच्या खाली एका आंधळ्या वळणावर वर येणारी कार थेट माझ्या बाजूला आली. मी डावीकडे दाबली, तर कडेला ओलं शेवाळ. चाक सरकलं. पडलो नाही, पण बायको अजून घाटाचं नाव काढलं की गप्प होते.

नियम मला माहीत आहे: २०१७ च्या नियमावलीप्रमाणे अरुंद चढावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. मी देतोच. पण गाडी वळणावरच समोर आली तर थांबायचं कुठे?

कार चालवणाऱ्यांना खास विचारतो. काचेच्या बाजूच्या खांबाआड बाइक लपते म्हणतात. मग उजव्या वळणावर मी कडेला राहू की लेनच्या मध्ये, म्हणजे लवकर दिसेन? धुक्यात हॉर्न ऐकू येतो का, की काचा बंद असतात? आणि मागून घाई करणाऱ्या कारला पुढे कुठे सोडावं? उतारावर मी दुसऱ्या गिअरमध्येच असतो, एकदम कडेला घेता येत नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा निघायचंय. कृपया अनुभवाचं सांगा.