मदत हवी आहे: रांगत्या बाळाच्या पोटात काय जातं, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर ६ ते १८ महिन्यांच्या बाळांचे जुलाब आणि घरातलं पाणी, शौचालय, हात धुणं यांचा संबंध तपासतेय. प्रश्नावली तयार आहे, पण तिच्यावर माझाच विश्वास उरलेला नाही. "साबणाने हात धुता का?" म्हटलं की सगळ्याजणी "हो". परवा एकीने हो म्हणता म्हणता हंड्यात बोटांसकट पेला बुडवला, आणि तिचं बाळ अंगणात कोंबडीच्या शिटेशेजारची माती चाखत बसलेलं. हे कुठल्या रकान्यात लिहू?

बांगलादेश, केनिया, झिम्बाब्वेतल्या मोठ्या चाचण्या वाचल्या. पाणी, शौचालय, हात धुणं सुधारून बाळांच्या उंचीत कुठेच फरक पडला नाही. जुलाब कमी झाले ते फक्त बांगलादेशात. म्हणजे नुसतं "शौचालय आहे/नाही" विचारून भागणार नाही.

कुणी घरात बसून निरीक्षण केलंय का? किती वेळ बसलं की बाया आपल्याला विसरून नेहमीसारख्या वागतात? पाण्याचा नमुना हंड्यातून घेऊ की बाळाच्या वाटीतून? एचटूएसच्या बाटल्या (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळ्या पडणाऱ्या) खिशाला परवडतात, पण त्या जंतू आहेत की नाहीत एवढंच सांगतात, किती आहेत ते नाही. सर म्हणतात, "बघ तुझं तू." पावसाळ्याआधी सुरुवात करायची आहे.